एकाच गाडीतून

तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले, तेव्हा तिचा मुलगा मेला होता.

दार उघडंच होतं. उम्म नबील खोलीच्या मधोमध उभी होती. डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरलेला, एक हात तोंडाशी, आणि जीभ हलवून ती तो लांब, चिरका आवाज काढत होती, जो त्यांच्यात लग्नात काढतात. तोच ऐकून मी वर आले होते. आधी एकदा, नोव्हेंबरात, तो ऐकला होता तेव्हा त्या घरात मिठाई वाटली होती. मला वाटलं, तिचे दोघे मुलगे पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले असतील. संक्रांत होती, माझ्या मनात तेच होतं. मी हसत डबा पुढे केला आणि म्हणाले, “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

तिने आवाज थांबवला. डब्याकडे पाहिलं, एक लाडू उचलला आणि खाल्ला. माझ्याकडे बघत, चावून चावून, पूर्ण खाल्ला. तिची सून हनान तान्ह्या मुलीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. ती मला इंग्रजीत म्हणाली, “समीर. डेड.” एवढं इंग्रजी मला येतं.

समीर म्हणजे तिचा धाकटा, तिकडे घरी राहिलेला. सतरा वर्षांचा. निदर्शनात पळताना त्याला पाठीत शिपायांची गोळी लागली होती. थोरला नबील, हनानचा नवरा, फोनपाशी उभा होता, रिसीव्हर अजून हातात. मधला ओमर हीटरला पाठ लावून जमिनीवर बसला होता. ओमर काहीतरी बोलला. नबीलने उत्तर दिलं. मग दोघांचे आवाज चढले. काय बोलले ते मला नंतर कळलं. ओमर म्हणाला होता, “तो अख्ख्या देशासाठी गेला, तुझ्या तुकड्यासाठी नाही.” नबील म्हणाला होता, “तो आपल्या गल्लीतून शिपाई जावेत म्हणून गेला. तुझा अख्खा देश त्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.”

भावाला अजून मूठमाती मिळाली नव्हती आणि हे दोघे त्याची वाटणी करत होते.

देशासाठी मेलेल्या मुलाच्या आईने रडायचं नसतं, त्याचं लग्न लागलं असं समजून तो आवाज काढायचा, हेही मला नंतरच कळलं. हा रिवाज ज्याने कोणी काढला, तो कोणाची आई नसणार.

या वर्षीही तीळ आणून ठेवलेत. संक्रांतीला अजून अवकाश आहे, पण ॲन आर्बरमध्ये बर्फ पडायला लागलं की माझा मुलगा श्रीकांत सामान भरून ठेवतो, कधी रस्ते बंद होतील सांगता येत नाही. पिशवी ओट्यावर आहे. मी रोज ती बाजूला सरकवून पोळ्या लाटते. भाजायचा अजून हात होत नाही.

गेल्या वर्षीचे तीळ मी आणि उम्म नबीलने मिळून आणले होते. नबीलने आम्हाला डिअरबॉर्नच्या अरबी दुकानात नेलं होतं. पोत्यातले तीळ तिने मुठीत घेतले, तळहातावर पसरले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. मीही तसंच करते. दुकानदाराने आम्हाला बहिणी समजलं असावं. दोघी तशाच, बुटक्या, डोक्यावरून पांघरलेल्या, दोघींच्या पायात मुलांचे जुने बूट.

आमची ओळख तळघरात कपडे धुताना झाली. विद्यापीठात शिकणाऱ्या बायकापोरांवाल्या लोकांसाठी बांधलेल्या विटांच्या इमारती आहेत, त्यांतली ही एक. तळघरात नाणं टाकून चालणारी यंत्रं आहेत. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, तिचाही नव्हता. दोघी कॉलर आणि बाह्या आधी हाताने घासायचो आणि मग यंत्रात टाकायचो. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातातल्या वडीकडे बोट दाखवून म्हटलं, “साबून.” मी म्हटलं, “साबण.” तिथून सुरुवात झाली. पुढे असे बरेच शब्द सापडले. हक्क, हद्द, वारस, मयत. आमच्या तलाठ्याच्या तोंडचे शब्द त्या बाईच्या तोंडात कसे आले, असं मला वाटायचं. श्रीकांत म्हणाला, आई, तिच्याकडूनच ते आपल्याकडे आलेत. येऊ देत. एवढ्या शब्दांवर दोन म्हाताऱ्यांचं बरंच भागतं.

तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही. थोरल्या मुलावरून आईला हाक मारायची, ही त्यांची रीत. नबीलची आई ती उम्म नबील. मला ती उम्म सिरी म्हणायची, श्रीकांत तिला पेलत नव्हता. गावाकडेही मला कोणी नावाने हाक मारली नाही, तेव्हा त्यात नवल वाटलं नाही.

हनानच्या बाळंतपणासाठी ती त्याआधीच्या वसंतात आली होती. नाब्लूसजवळच्या निर्वासितांच्या छावणीत तिचं घर. पण ते तिचं गाव नव्हे. गाव समुद्राच्या बाजूच्या सपाटीत होतं, ते ती पोरवयात असताना गेलं. लोकांना हाकललं, घरं पाडली, आता तिथे दुसऱ्यांची वस्ती आणि बागा आहेत. जूनमध्ये ती मला रेल्वेच्या रुळांकडेला घेऊन गेली. तिथे रानद्राक्षांचे वेल माजलेले असतात, अमेरिकन लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. आम्ही पदर भरून कोवळी पानं खुडली. त्यात भात आणि खिमा भरून ती बोटाएवढ्या गुंडाळ्या करायची. खुडताना ती मध्येच थांबून मातीकडे बघायची, नाक मुरडायची. इथली माती काळी आहे, चांगली आहे. तिला ती आवडायची नाही.

एक राज्य की दोन, हे भांडण मी त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकलं. रविवारी त्यांच्याकडे मोठ्या परातीत भात उलटा पाडायचे, वर तळलेली वांगी आणि मटण, आणि सगळ्यांनी एकाच परातीतून, पण आपापल्या समोरचं खायचं. श्रीकांत असला की दोघे भाऊ इंग्रजीत भांडायचे, मग तो मला सांगायचा. तो नसला की माझी नात मृणाल सांगायची, आठ वर्षांची. ती म्हणायची, “आजी, नबील अंकल म्हणतात टू. ओमर अंकल म्हणतात वन. दॅट्स ऑल दे एव्हर से.” पोरीने थोडक्यात सांगितलं, पण तेवढंच नव्हतं.

नबील बांधकामाचं शिकत होता. त्याचं म्हणणं, आधी डोक्यावर छप्पर घ्या. लहान का होईना, आपलं राज्य, आपलं कोर्ट, आपला पासपोर्ट. माझ्या कागदावर देशाच्या जागी नुसती रेघ आहे, तिथे नाव येऊ द्या. पलीकडचे लोक कुठे जाणार नाहीत आणि आपल्याला त्यांच्या अंगाखालची जमीन मिळणार नाही. जगाला समजेल तेवढंच मागा. छावणीतली पोरं मरतात ती शिपाई जावेत म्हणून, नकाशासाठी नाही.

ओमर इतिहास शिकत होता. तो नबीलहून शांत बोलायचा आणि म्हणून जास्त लागायचं. तो म्हणायचा, तुझ्या त्या लहान राज्यात आपलं गाव कुठे आहे? हद्दीच्या पलीकडे. तू सही केलीस की आईचं घर तिचं नव्हतं असं तूच लिहून दिलंस. दोन राज्यं म्हणजे एकाकडे फौज, पाणी आणि रस्ते, आणि दुसऱ्याकडे झेंडा आणि कचरा उचलायचं काम. मी कोणाला समुद्रात लोटा म्हणत नाही. आले ते राहू देत, त्यांची पोरं तिथेच जन्मली. पण मालक आणि गडी हे नातं मोडलं पाहिजे. एक जमीन, एक कायदा, प्रत्येकाला एक मत, आणि गेलेल्यांना परत यायची वाट.

नबील विचारायचा, हे तुला देणार कोण? जे आईला जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडायचा साधा परवाना रडवून देतात ते?

ओमर विचारायचा, मग तुझी दोन कोण देणार? तेच ना?

इथे दोघे पुन्हा भाताकडे वळायचे. मी बरंच ऐकलं आणि माझ्या ध्यानात आलं की दोघेही बरोबर होते. समोरच्याची गोष्ट का होणार नाही, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. एक जण जरी चुकत असता तरी काही आशा होती.

श्रीकांतला मी विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, “आई, प्रॅक्टिकली बघितलं तर टू-स्टेटच. मॉरली बघितलं तर वन. पण आपल्याकडे फाळणी झाली ना, लाइन ड्रॉ केली की काय होतं ते बघितलंय आपण.” म्हणजे त्यालाही काही वाटत नव्हतं. शिकलेल्या माणसाला दोन्हीकडून बोलता येतं.

मला मात्र वाटत होतं, कारण मी हे एकदा पाहिलेलं आहे. जावळीच्या खोऱ्यातलं आमचं गाव धरणात गेलं. त्याआधी दोन वर्षं पारावर हेच भांडण चालू होतं. काही म्हणत, सरकार जिथे देईल तिथे मिळेल ती जमीन घ्या आणि निघा. काही म्हणत, अख्खं गाव एका जागी बसवा, देव, मसणवट, शेजार सगळ्यासकट, नाहीतर आम्ही हलत नाही. माझे मालक घेणाऱ्यांत, थोरले दीर अडून बसणाऱ्यांत. ज्यांनी घेतली त्यांना सोलापूरकडचा खडक मिळाला. जे अडून बसले त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हा ते मिळेल त्या ट्रकमध्ये बसले. गाव गेलं ते गेलंच, वर दोन भावांचं बोलणं गेलं. मालक वारले तेव्हा दीर आले, लांब उभे राहिले आणि पाणी न पिता गेले.

हे मी उम्म नबीलला सांगितलं. मी मृणालला, मृणालने इंग्रजीत ओमरला, ओमरने आईला. सांगायला इतका वेळ लागला की मध्ये चहा थंड झाला. तिने ऐकलं, मान हलवली आणि एक वाक्य बोलली. ते उलट्या वाटेने परत आलं. मृणाल म्हणाली, “आजी, ती म्हणते, तुझं गाव वॉटरच्या खाली आहे ना, म्हणजे तिथे कोणीच राहत नाही. तिच्या गावात दुसरे लोक राहतात. त्यांची लाइट दिसते.”

 माझं दुःख तिच्यापुढे ठेवायला गेले होते, ते मुकाट्याने परत घेतलं.

नोव्हेंबरात त्यांच्या पुढाऱ्यांनी दूरच्या एका देशात बसून राज्य जाहीर केलं. लहानवालं. जमीन एक वीतही हातात आलेली नव्हती, पण जाहीर केलं. वर तो आवाज निघाला, हनानने काढला, मग म्हातारीने. शिऱ्यासारखी काहीतरी गोड वडी घरोघर दिली. नबील रडत होता आणि हसत होता, मला म्हणाला, “खालती, वी हॅव अ स्टेट.” खालती म्हणजे मावशी. ओमर बाहेर पायऱ्यांवर नुसत्या स्वेटरवर बसला होता. मी त्याला वडी नेऊन दिली तर म्हणाला, “नो, खालती.” त्या दिवसापासून तो परातीवर बसला नाही. आपलं ताट घेऊन मोरीशी उभ्याने जेवायचा. बोलणं बंद. एकाच घरात, एकाच न्हाणीघरात. बर्फ पडायला लागलं, खिडक्या बंद झाल्या, आणि त्या घरातला मुका राग खाली आमच्या छतातून उतरायचा, असं मला वाटे.

म्हणून मी लाडू वळले होते. आमच्यात वर्षभर बोलत नसलेल्यालाही त्या दिवशी तिळगूळ देतात, आणि घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. तेवढ्याने काही मिटत नाही, हे मला माहीत होतं. पण तोंड तरी उघडतं.

समीरच्या नावाने तीन दिवस लोक येत राहिले. बिनसाखरेची कडू कॉफी, बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. मी त्यांच्या घरात चूल पेटू दिली नाही, आपल्याकडे नसते पेटवत. पिठलं, भात, भाकरी वर नेत होते. कोणी नाक मुरडलं नाही. चौथ्या दिवशी उम्म नबील उठली, सुटकेस काढली, भरली आणि दाराशी ठेवली. तिला घरी जायचं होतं, मुलाला जिथे पुरलं तिथे.

आता मुलांचं भांडण तिच्यावर आलं. नबील म्हणाला, जाऊ नकोस, मी तुझा व्हिसा वाढवून घेतो, तिथे तुझं कोण उरलंय. ओमर म्हणाला, गेलंच पाहिजे, आपण जमिनीवर राहणं हीच लढाई आहे, तू आलीस आणि राहिलीस तर ते जिंकले. एकाला ती माणूस म्हणून हवी होती आणि एकाला खुंटा म्हणून, पण विचारलं तिला कोणीच नाही. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, मी जाणार. पण तुम्ही दोघांनी मला एकाच गाडीतून विमानतळावर सोडायचं. वेगवेगळं नाही, एकाने नाही. दोघे, पुढच्या सीटवर, शेजारी. तोवर मी इथून हलत नाही.

हट्ट साधा होता. विमानतळ अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. मला वाटलं, दोन दिवसांत होईल.

नबील म्हणाला, मी तयार आहे, पण त्याने आधी म्हणावं की मी विकला गेलेलो नाही. ओमर म्हणाला, मी तयार आहे, पण त्याने आधी म्हणावं की गावावरचा हक्क त्याने सोडलेला नाही. एकेक वाक्य. जानेवारी गेला. फेब्रुवारीत इतकी थंडी पडली की दाराची मूठ हाताला चिकटायची. सुटकेस दाराशीच. तळघरात मी तिला तेच कपडे धुताना पाहिलं, सुटकेसमधले, न वापरलेले. धुवायची, वाळवायची, घड्या घालून परत भरायची. मी विचारलं नाही. हाताला काम लागतं.

एकदा मी दोघांना आमच्याकडे बोलावलं, वेगवेगळं सांगून. समोरासमोर आल्यावर दोघेही उठायला लागले. मी म्हटलं, बसा. श्रीकांतला म्हटलं, मी बोलते तसंच सांग, गोड करू नकोस.

“एक राज्य हवं की दोन, ते मला कळत नाही आणि ते तुमच्या हातातही नाही. गाडी तुमच्या हातात आहे. अर्धा तास गप्प बसून चालवा.”

श्रीकांतने सांगितलं.  ओमर म्हणाला, “खालती, गप्प बसूनच तर आम्ही सगळं घालवलं.” आणि ते आपापल्या जिन्याने गेले, एक पुढच्या, एक मागच्या.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं. एका संध्याकाळी मी वर बाळाला तेल लावत होते. हनान भांडी पुसता पुसता वळली आणि तिने नवऱ्याला काहीतरी विचारलं, अगदी साधेपणाने.  ओमर मोरीशी ताट घेऊन उभा होता. त्याने नबीलकडे पाहिलं, नबीलने त्याच्याकडे. नोव्हेंबरापासून पहिल्यांदा.

तिने विचारलं होतं, आईच्या परवान्याची मुदत या वेळी कोणी वाढवून घेतली?

त्यांच्याकडचा कायदा असा. छावणीतल्या माणसाने बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा आणि मुदतीत परतायचं. मुदत सरली की तो तिथला राहत नाही, त्याला पुलावरून परत पाठवतात. मुदत वाढवून मिळते, पण तिथल्या कचेरीत घरच्या माणसाने रांगेत उभं राहावं लागतं. ते काम समीर करायचा. पहाटे जाऊन उभा राहायचा आणि करून आणायचा, आणि फोनवर आईला सांगायचा, झालं. इकडे कोणाला त्याचा विचारही करावा लागत नसे. तो गेल्यावर नबीलला वाटलं, मेलेल्याच्या आईला कोण अडवेल. ओमरला वाटलं, वकिलाकडून होईल. दोघांना वाटलं, दुसऱ्याने बघितलं असेल. आणि ते विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

दुसऱ्याच दिवशी ते तिला घेऊन निघाले, एकाच गाडीतून. नबील चालवत होता, ओमर शेजारी. मागे ती आणि मी. तिनेच माझा हात धरून मला गाडीत बसवलं. वाटेत कोणी बोललं नाही. रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, टोलेजंग ट्रक. ती खिडकीबाहेर बघतच नव्हती. मुलांच्या दोन मानांकडे बघत होती, मागून. तिची अट पुरी झाली होती. उरलेले लाडू मी पिशवीत घातले होते, दोन महिन्यांत दगड झाले होते. तिने एक काढून दाताने फोडायचा प्रयत्न केला, फुटला नाही, तेव्हा हसली. ते हसणं मी शेवटचं पाहिलं.

पुलावरून तिला परत पाठवलं. मुदत संपून गेली होती. जॉर्डन नदीवरचा तो पूल. ओमर सांगतो, नदी म्हणजे तुमच्याकडचा ओढा. उन्हात बसवून ठेवलं, मग एका पोरसवदा शिपायाने कागद परत दिला. ती म्हणाली, मुलाची कबर बघून येते, एक दिवस. तो म्हणाला, व्हिजिटर म्हणून अर्ज करा. आता ती अम्मानमध्ये नवऱ्याच्या चुलतभावाच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. अर्ज केलेला आहे.

एक राज्य झालं तर ती त्यात असेल, दोन झाली तर कदाचित दुसऱ्यात असेल. सध्या ती गच्चीवर आहे.

गेल्या महिन्यात टीव्हीवर जर्मनीतली भिंत पाडताना दाखवत होते. पोरं वर चढून हातोडे मारत होती, गात होती. श्रीकांतने वरून दोघांना बोलावलं, त्याला वाटलं बरं वाटेल त्यांना. दोघे आले, कोचाच्या दोन टोकांना बसले. आता ते बोलतात, फोनच्या बिलाचं, बाळाच्या लसीचं, आईच्या औषधाचं. राज्याचं बोलत नाहीत. नबील ‘दोन’ म्हणत नाही आणि ओमर ‘एक’ म्हणत नाही. मृणालने मला हळूच विचारलं, “आजी, डिड दे फिनिश फायटिंग? हू वन?” मी म्हटलं, बघ टीव्ही.

ओमर बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “त्यांच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच माणसं होती.” नबीलने नुसती मान हलवली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

काही लोकांना वाटतं, इतकं सोसल्यावर माणसाला काहीतरी उमजतं. मला काही उमजलं नाही. गाव जातं, मग गाव कसं परत मिळवायचं यावरून माणसं जातात, आणि ज्यांनी घेतलं ते दुपारचं जेवून झोपतात. हे मी खोऱ्यात पाहिलं आणि इथे दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा बघायची इच्छा नाही.

तीळ आज भाजते. ठेवून खवट होतील. लाडू वर नेईन, दोघांच्या हातावर ठेवेन, त्यांनी काही बोलायची गरज नाही.

त्या हिवाळ्यात नबील जगला, ओमर जगला. हनान जगली, तिची मुलगी आता चालते. उम्म नबील जगली. मी जगले. समीर नाही.